सारंगचाचांनी दाखवलेली तिरकी वाट

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमची सर्वेक्षण बोट दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नागिरी बंदरात परतणार होती आणि मी भलताच खुशीत होतो...

बारा दिवस आम्ही भर अरबी समुद्रात, पाण्याखालच्या एका विझलेल्या ज्वालामुखीवरून फेऱ्या मारत होतो. खाली आवाज सोडायचा, तळावरून परत येईल तो कागदावर उमटवायचा, आणि त्यावरून कळलेल्या खोलीचा नकाशा मी काढायचो. अशा डोंगराचा उतार कोसळला तर मोठी लाट उठू शकते, म्हणून हा खटाटोप.

आणि मला सापडलं! शेजारच्या दोन फेऱ्या जोडल्या तर पश्चिमेचा उतार मधेच तुटून सरकलेला दिसत होता. नोकरीत अजून कायम झालो नव्हतो, त्यात हा शोध... बंदराला लागताच मुख्य कचेरीला ट्रंककॉल करायचा म्हणून मजकूरही लिहून ठेवला.

तेवढ्यात इस्माईलचाचा आले. रत्नागिरीतल्या राजिवड्याचे, आमच्या बोटीचे सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम. नकाशावर वाकून म्हणाले, "सायेब, ह्या फेरीची रेघ येवडी सरळ कशी वो? त्या दिवशी वारा कडेनं मारत व्हता."

सरळ, कारण मी ती पट्टीने ओढली होती. उपग्रहावरून आपली जागा दोन-दोन तासांनी कळायची, मधलं सगळं अंदाजपंचे. खरं सांगतो, मला रागच आला. हे मला शिकवणार?

चाचांनी मला बोटीच्या मागच्या टोकाला नेलं. त्या दिवशीसारखाच वारा होता. बोटीमागे पाण्यावर उमटणारी वाट सरळ न जाता चक्क तिरकी पडत होती... "तोंड फुडं, पन अंग बाजूला सरकतंय. त्या दिवशी मी दुपारभर बगत व्हतो."

परत येऊन ती फेरी त्यांच्या अंदाजाने बाजूला सरकवली. तुटलेला उतार जुळला! अख्खा डोंगर शाबूत होता. मी मजकूर फाडून टाकला. ती खबर गेली असती तर किनाऱ्यावरच्या गावांत घबराट झाली असती, आणि माझी नोकरी...

चाचा कोणाला एक शब्द बोलले नाहीत. कचेरीतल्या मोठ्या साहेबांना सांगायचं त्यांनी माझ्यावरच सोडलं. मी फक्त "नकाशा सुधारलाय" एवढंच सांगितलं.

अहवालाच्या शेवटी आभाराचं पान होतं. त्यात यंत्रं पुरवणाऱ्यांपासून टायपिस्टपर्यंत सगळे आले. चाचांचं नाव लिहिलं असतं तर माझी चूकही लिहावी लागली असती, म्हणून गाळलं.

चाचा आता नाहीत. पण त्यानंतरची माझी सगळी नोकरी त्यांच्यामुळे झाली... आभारी आहे, चाचा. फार उशिरा म्हणतोय.