पाच जणांचा एक माइक

चौथ्यांदा शिट्टी वाजली तेव्हा सखारामदादांनी गळ्यातला रुमाल काढून खांद्यावर टाकला आणि ते स्टेजच्या पायऱ्या उतरायला लागले. दुपारचे तीन वाजले होते. कार्यक्रम पाचला होता.

"दादा, थांबा की. दोन मिनिटं द्या," मी मिक्सरजवळून ओरडलो.

"तुह्या त्या मशीनला आमी पटत न्हाई रे दिलीप. तिच्याजोगे गाणारे आण."

शिट्टी म्हणजे फीडबॅक. स्पीकरमधून निघालेला आवाज परत माइकमध्ये शिरला आणि तिथून पुन्हा स्पीकरमध्ये गेला की सगळं किंचाळायला लागतं. तीस वर्षं मी हिंगोलीत साउंडचा धंदा केला. गाणं चांगलं झालं की लोक गायकाकडे बघतात आणि शिट्टी वाजली की माझ्याकडे. त्या दुपारी मैदानात फक्त खुर्च्या मांडणारे होते. तेही माझ्याकडेच बघत होते.

हिंगोली वेगळा जिल्हा होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. चौदा एप्रिलच्या जयंतीनिमित्त तीन दिवसांचा गाण्यांचा महोत्सव ठरला आणि समितीच्या बैठकीला मलाही बोलावणं आलं. अशा बैठकीत साउंडवाल्यानं स्टेज किती फुटांचं आणि जनरेटर कुठं, एवढंच बोलायचं असतं. मी जास्त बोललो. म्हणालो, सेनगावच्या पार्टीला परत एकत्र आणा.

पार्टी म्हणजे गायन पार्टी. सेनगावच्या बाजूची ही पाच माणसं नव्वदच्या आसपास आमच्या भागात गाजत होती. सखारामदादा पुढे गायचे. निवृत्तीकाका गाणी लिहायचे आणि दुसरा आवाज लावायचे. बाकी तिघांकडे पेटी, ढोलकी, खंजिरी आणि कोरस. आखाडा बाळापूरच्या बाजारात ते गाणार म्हटलं की आजूबाजूच्या गावांतून जीपच्या टपावर बसून लोक यायचे. मग एका हंगामात पार्टी फुटली. तेरा वर्षं सखारामदादा आणि निवृत्तीकाका एकमेकांशी बोलले नव्हते.

समितीचे सचिव अमोल सर. शाळेत शिक्षक, वय तिशीचं, बोलणं रोखठोक.

"दिलीपभाऊ, ती पार्टी मी पण शाळेत असताना ऐकली," ते म्हणाले. "पण आठवण स्टेजवर चढवायची काय? आपल्याकडं नवी पोरं-पोरी किती चांगलं गाऊन राहिलेत. त्यांचा वेळ कापून जुन्यांना काहून द्यायचा? लोक टाळ्या वाजवतील, न्हाई असं न्हाई. पण त्या टाळ्या गाण्याला नसतात. आपल्याच गेलेल्या दिवसांला असतात."

मला राग आला, कारण ते खरं बोलत होते. निदान माझ्यापुरतं तरी खरं होतं. दुकानात एकटा सोल्डरिंग करत बसलो की त्या पाच जणांची ओळ माझ्या कानात उठायची. नीट आठवायला गेलं की निसटायची. मी कितीतरी गायकांचा साउंड केला, महागडे स्पीकर आणले, पण तो आवाज परत कधी मिळाला नाही. तो मला एकदा तरी ऐकायचा होता. महोत्सवाचं भलं वगैरे सगळं नंतरचं.

बरीच घासाघीस होऊन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला पंधरा मिनिटं मिळाली. एप्रिलचं ऊन तेव्हा उतरलेलंही नसतं. दोन गाणी. आणि अमोल सरांची एक अट.

"पब्लिक उठायला लागली तर मी हात वर करीन. तुमी फेडर खाली घ्यायचा."

फेडर म्हणजे मिक्सरवरची सरकपट्टी. वर नेली की आवाज चढतो, खाली ओढली की माणूस मुका होतो. ज्यांना मी आग्रहानं आणत होतो, त्यांना मुकं करायचं काम माझ्याच बोटांवर आलं.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी त्या बैठकीत सांगितली नाही. पार्टी माझ्यामुळे फुटली होती.

सुरुवातीला माझ्याकडे एक अँप्लिफायर, दोन भोंगे आणि एकच माइक होता. पाचही जण त्याच्याभोवती दाटीवाटीनं उभे राहून गायचे. धंदा वाढला तसा मी दुसरा माइक घेतला. नवी वस्तू मिरवल्याशिवाय राहवतंय कुठं? तो मी एकट्या सखारामदादांपुढे लावला. त्यांचा आवाज असा काही दणदणीत निघाला की लोक त्यांचंच नाव घ्यायला लागले. मागचे चौघं जुन्या माइकवर ऐकूही येईनात. निवृत्तीकाका येऊन म्हणायचे, "दिलीप, त्यांचा जरासा कमी कर." दादा म्हणायचे, "वाढव." मी वाढवायचो. पुढं उभा असतो त्याचं ऐकायचं, हा आमच्या धंद्यातला आळस आहे. हंगाम संपायच्या आत निवृत्तीकाकांनी पार्टीबरोबर जाणं बंद केलं.

म्हणून या वेळी चूक दुरुस्त करायची असं मी ठरवलं होतं. सखारामदादांना आणायला सेनगावकडे गेलो. त्यांनी फार ताणलं नाही. निवृत्तीकाका बाळापूरला लेकाकडे राहत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"माइक किती?"

"पाच, काका. प्रत्येकाला एक. कुणाचा कमी न्हाई, कुणाचा जास्त न्हाई. सगळे बराबर."

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी एक वही पिशवीत टाकली. मला वाटलं, खूश झाले.

तर त्या दुपारी साउंड चेकला पाच स्टँड, पाच माइक, प्रत्येकाच्या पायाशी एक मॉनिटर. मॉनिटर म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून ठेवलेला छोटा स्पीकर. गाणं सुरू झालं. सखारामदादांची ओळ संपली आणि ते दोन पावलं मागे गेले. माइकमध्ये काही येईना म्हणून मी त्यांचा फेडर वर नेला. तेवढ्यात ते झपकन पुढे आले आणि शिट्टी. मग निवृत्तीकाका मागे गेले. पुन्हा तेच.

"जागेवर उभं राहून गा ना दादा," मी तिसऱ्यांदा सांगितलं.

"जागेवर उभं राहून कोण गातंय?" ते वैतागले. "त्याची ओळ आल्यावर मी समोर काय करू?"

आणि चौथ्या शिट्टीला ते उतरायलाच लागले.

मी खुर्चीत बसून राहिलो आणि त्यांच्या पायांकडे बघत राहिलो. तेव्हा डोक्यात उजेड पडला. एका माइकच्या काळात ही माणसं मिक्सिंग पायांनी करायची. ज्याची ओळ तो पुढे. कोरसला सगळे अर्धं पाऊल आत. ढोलकी कायम चार हात लांब. कुणाचा आवाज किती हवा हे मी कधी ठरवलंच नव्हतं, ते आपसात ठरवत होते. मी फक्त वायर जोडायचो. आणि ज्या आवाजासाठी मी तेरा वर्षं झुरत होतो, तो माझ्या मशीनचा कधी नव्हताच.

"दादा, चहा घ्या. मी दहा मिनिटांत आलो," म्हणालो आणि स्कूटर काढली.

जुना माइक दुकानात वरच्या फळीवर होता. जाळीला एका बाजूला पोचा, दांड्यावर लाल चिकटपट्टी. तो घेऊन आलो, पाचही स्टँड उचलले, मॉनिटर बंद केले आणि स्टेजच्या मधोमध एकच स्टँड उभा केला. पाच उघडे माइक म्हणजे शिट्टीला पाच दारं. आता एकच राहिलं होतं.

सखारामदादांनी माइककडे पाहिलं. मग चिकटपट्टीला हात लावला.

"हा अजून हाय?"

"हाय की."

ते माइकपुढे उभे राहिले. निवृत्तीकाका लांबच होते. पण एका माइकवर लांबून गाता येत नाही. ते आले. खांद्याला खांदा लागला. दोघंही समोर रिकाम्या खुर्च्यांकडे बघत होते.

"जरा सरक," निवृत्तीकाका म्हणाले.

दादा सरकले. तेरा वर्षांतलं त्यांचं तेवढंच बोलणं. मी पटकन मिक्सरवर वाकलो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि खुर्चीवाले अजूनही माझ्याकडेच बघत होते.

पाच वाजता निम्म्या खुर्च्या भरल्या होत्या. पहिलं गाणं जुनं होतं. टाळ्या भरपूर पडल्या. अमोल सर म्हणाले होते तशाच त्या टाळ्या होत्या. लोक एकमेकांकडे बघून हसत होते, ओळी आधीच म्हणत होते. खरं सांगायचं तर तो आवाज मला तेव्हाही मिळाला नाही. दादांचा गळा थकला होता. पूर्वी जिथं ते उंच जायचे ती जागा आली तसे ते हळूच मागे सरले. निवृत्तीकाकांनी अर्धं पाऊल पुढे टाकून ती ओळ खालच्या पट्टीत उचलून घेतली. ऐकणाऱ्याला कळलंही नसेल.

मग निवृत्तीकाकांनी पिशवीतून वही काढली. गाणं नवीन होतं, कुणीच ऐकलेलं नव्हतं. लेक हिंगोलीला कॉलेजात शिकायला जाते आणि आई तिला एसटीत बसवून देते, एवढीच गोष्ट. 'बस गेली धूळ उडवीत, माय उभी फाट्यावर' असं ध्रुपद. टाळ्या थांबल्या. कुणी सोबत म्हणेना, कारण ओळी कुणाला माहीत नव्हत्या. माझं बोट फेडरवर होतं. मी अमोल सरांकडे पाहिलं. त्यांनी हात वर केला नव्हता. इतका वेळ बाजूला उभे असलेले सर खुर्ची ओढून बसले. तिसऱ्या कडव्याला बायकांच्या बाजूनं कोरस उठला. मी तिकडे पाहीपर्यंत सगळं मैदान त्यात होतं.

खाली उतरल्यावर अमोल सरांनी दादांचा हात धरला. "पुढच्या साली या. अर्धा तास देतो."

"ह्याच्याजवळ नवं गाणं असंल तर येऊ," दादांनी निवृत्तीकाकांकडे मान केली. "नुसत्या आठवणीसाठी नगं."

मी वायर गुंडाळत होतो. निवृत्तीकाका जवळ आले आणि जुना माइक हातात घेऊन फिरवून पाहायला लागले.

"दिलीप, तव्हा बी हाच व्हता नं तुह्याकडं?"

"व्हय, काका."

"मंग दुसरा काहून आणला?"

त्यांनी रागानं विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. त्यांच्या पिशवीतल्या वहीत अजून तेरा वर्षांची गाणी होती, आणि ती सोबत गायला इतकी वर्षं कुणी नव्हतं ते माझ्यामुळे.

जुन्या मंडळींना महोत्सवात जागा द्यावी का, असं आता समित्या मला विचारतात. मी म्हणतो, त्यांना आधी विचारा, वहीत काही नवीन आहे का. असेल तर द्या. आणि माइक किती लावायचे तेही त्यांनाच विचारा. साउंडवाल्याला विचारू नका. तो जास्तच लावतो.