सगळ्यांना बंद केलेला फोल्डर

हे सगळं निस्तरलं ते वहिनींनी. हे आधीच लिहून टाकतो, कारण मी काही सांगायला लागलो की एसटीच्या गर्दीपासून सुरुवात करतो, आणि ज्या माणसाला पहिलं स्थान द्यायचं ते शेवटी कुठंतरी राहून जातं.

वहिनी म्हणजे दादांच्या मिसेस. दादांचा उंब्रजला हायवेच्या कडेला फोटो स्टुडिओ आहे. मी तिथं कामाला आणि मागच्या खोलीत राहायला. वहिनी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी, आष्ट्याला गेल्या होत्या. मुलगी झाली होती, अजून बारशाची तयारी चालली होती.

मी मूळचा जत तालुक्यातला, कर्नाटकाच्या हद्दीला लागून आमचं गाव. वडील मेंढरांमागं, आम्ही वडिलांच्या मागं, त्यात नववीला शाळा सुटली ती सुटलीच. इथं आलो तेव्हा मला कॅमेऱ्याची बॅग उचलण्यापलीकडं काही येत नव्हतं. अल्बम लावायला, फोटो साफ करायला वहिनींनी शिकवलं. त्यांचं कॉम्प्युटरचं कॉलेज झालेलं होतं. तरी इंग्रजीत काही लिहून आलं की मी घाबरायचो. काहीतरी बिघडलं असणार आणि ते माझ्याच हातून, असं मला आधी वाटायचं, मग मी वाचायचो.

लग्नसराई ऐन भरात होती. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जायचं, आल्यावर कॅमेऱ्याचं कार्ड कॉम्प्युटरवर उतरवायचं, पुसायचं, पुन्हा बॅटऱ्या चार्जिंगला. डोळे चुरचुरायचे, पाय सुजायचे. त्यात कॉम्प्युटर इतका मंद झाला की एक फोटो उघडेपर्यंत चहा गार व्हायचा. शेवटी दादांनी कराडहून रिपेअरवाला बोलावला आणि त्याच्याकडून नवी सिस्टीम टाकून घेतली. फोटोंचा ड्राइव्ह वेगळा होता, त्याला हात लावायचा नाही एवढं बजावून.

रिपेअरवाला गेला. कॉम्प्युटर खरंच पळायला लागला. मी खूश होऊन फोटोंचा फोल्डर उघडायला गेलो, तर स्क्रीनवर इंग्रजीत पाटी आली. परवानगी नाही.

पुन्हा दाबलं. पुन्हा तीच पाटी.

दादा म्हणाले, "सरक. माझा पासवर्ड टाकतो." त्यांनी नव्या सिस्टीमलाही जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड ठेवून घेतला होता. तो चालला, आतही गेलो, पण फोल्डर काही उघडेना. दादांनी माझ्याकडं बघितलं.

"काय केलंस रं तू?"

"काय न्हाई दादा. नुसतं दाबलं."

"नुसतं दाबून आसं हुतंय व्हय?"

मला स्वतःलाच खात्री वाटेना की मी काही केलेलं नाही.

त्या फोल्डरात बरीच लग्नं होती, पण बाकीच्यांना थांबवता आलं असतं. एकाला येत नव्हतं. जवळच्याच गावचा फौजी, लग्न करून सुट्टी संपत आलेला, उद्या संध्याकाळी गाडी. त्याच्या लग्नाचं कॅमेऱ्यातलं कार्ड आम्ही पुसून पुढच्या लग्नाला वापरलं होतं, त्यामुळं त्याचे फोटो होते ते फक्त त्याच फोल्डरात. दुपारी तो दुकानात आला. हळदीचा पिवळेपणा अजून नखांवर होता.

"दादा, तिकडं वर नेट न्हाई. मोबाईलमधी भरून द्या आन् चार कागदावर काढून द्या. पेटीत ठेवतो."

"उद्या दुपारी या फौजी," दादा म्हणाले, आणि तो गेल्यावर खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत.

रिपेअरवाल्याला फोन लावला. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं घाईत होता. "त्यो ड्राइव्ह फॉरमॅट मारा, सगळं सुरळीत हुतंय," म्हणाला. मी विचारलं, मग फोटो? "फोटो जात्यात की," म्हणाला, जसं काही पावणे जात्यात. दादा म्हणाले, सकाळपर्यंत बघू, नाहीतर तसंच करू, निदान पुढची लग्नं तरी घेता येतील. ते थकले होते. थकलेला माणूस लवकर कबूल होतो, हे मी मेंढरं विकताना वडिलांचंही बघितलंय.

मी बाहेर जाऊन वहिनींना फोन केला. पाटीवरची अक्षरं एकेक करून वाचून दाखवायला लागलो. त्या म्हणाल्या, अजून काय दिसतंय? मी सांगायचो, त्या विचारायच्या, मध्ये बाळ रडायचं, मग त्यांच्या आईंचा आवाज यायचा, "ठेव तो फोन, कानात वारं जातंय!" असं दोनचारदा झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "फोनवर न्हाई व्हायचं हे. डबा उचल आणि इकडं ये. आणि ऐक, फॉरमॅट कुणी करायचं न्हाई. त्यांनापण सांग, मी सांगितलंय म्हणून."

सकाळी पहिल्या एसटीनं निघालो. कॉम्प्युटरचा डबा घरून आणलेल्या घोंगडीत बांधला होता, धक्का लागू नये म्हणून. उंब्रजहून कराड, कराडहून इस्लामपूर, तिथून आष्टा. मांडीवर डबा, पायात कीबोर्डची पिशवी. उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी रेंगाळली की मला वाटायचं, आता संपलंच. कंडक्टर म्हणाला, "काय हाय रं त्यात, कोकरू?" सगळे हसले. मीही हसलो, पण घोंगडीला मेंढरांचा वास येत होता आणि त्या वासानं मला उगाच रडू यायला लागलं. हे फोटो गेले तर दादा मला ठेवणार नाहीत, आणि घरी जाऊन मी काय सांगणार, एवढंच डोक्यात फिरत होतं.

वहिनींच्या माहेरी मधल्या घरात बाज, बाजेखाली शेगडी, ओव्याचा आणि शेपाचा धूर कोंडलेला. वहिनींच्या कानाला गच्च फडकं. मी चप्पल काढून दारातच उभा राहिलो.

"ये की आत," वहिनी म्हणाल्या. "स्क्रीन न्हाई इथं, टीव्हीला जोड."

त्यांच्या आई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "ओली बाळंतीण ती. आता त्या उजेडाकडं बघत बसायची? उद्या चष्मा लागला की मला म्हणू नको."

"आई, चष्मा मला कॉलेजातच लागलाय."

"मग काढून ठेव त्यो!"

शेवटी मध्यममार्ग निघाला. वहिनी टीव्हीकडं पाठ करून बाजेवर बसणार, बाळाला घेऊन. माऊस माझ्या हातात. मी वाचायचं, त्यांनी सांगायचं. मावशी, म्हणजे वहिनींच्या आई, मध्ये पहाऱ्याला.

"वाच."

मी वाचलं. अडखळत. एक शब्द येईना तर त्याची अक्षरं सांगितली. वहिनी एकदाही हसल्या नाहीत.

मग त्यांनी समजावलं. म्हणाल्या, सिस्टीम नवी टाकली की कॉम्प्युटर आपल्याला नावानं ओळखत न्हाई. आत त्यानं प्रत्येकाला एक आकडा दिलेला असतो. नाव तेच ठेवलं, पासवर्ड तोच ठेवला, तरी आकडा नवा. त्याच्या लेखी तुझे दादा म्हणजे परका माणूस, जुन्या माणसाचं नाव सांगणारा. म्हणून आधी फोल्डरची मालकी बदलून घ्यायची.

कुठं उजवं बटण दाबायचं, कुठल्या खिडकीत जायचं, हे त्यांनी न बघता सांगितलं. मी मालक बदलला. आतल्या सगळ्यांनाही हाच मालक लागू, म्हणून टिक केली. हिरवी पट्टी सरकली. मी फोल्डर उघडायला गेलो.

परवानगी नाही.

"वहिनी, तेच आलं."

त्यांनी बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "परवानग्यांची यादी वाच. वरून पहिली ओळ."

पहिल्या ओळीत बाकीच्यांसारखी परवानगी नव्हती. तिथं मनाई होती, आणि कुणाला, तर सगळ्यांना. वहिनींनी ते ऐकलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "फोन दे जरा." मावशी काही बोलायच्या आत त्यांनी दादांना लावला. स्पीकर चालू होता.

"आवं, रिपेअरवाला यायच्या आधी तुमी फोल्डरला काय केलं का?"

"मी? काय न्हाई." मग आठवून, "बंद केला व्हता. त्यानं पोरीबाळींचे फोटो बघू नयेत म्हणून. त्या गावात न्हाई का मागल्या साली कुणाचेतरी मोबाईलवर फिरले? लोकांना शब्द दिलाय आपण."

"कुणाला बंद केला?"

"सगळ्यांना."

"आन् तुमी?"

"मी कसा? माझाच फोल्डर हाय की."

"आवं, सगळ्यांत तुमी येत न्हाई व्हय?"

मावशींनी तोंडाला पदर लावला. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण जावई अडकलाय एवढं कळलं होतं.

"मग काढून टाका की," दादा बारीक आवाजात म्हणाले.

"काढतोय त्यो. आन् ऐका, त्यानं काय केलेलं न्हाई. आल्यावर त्याला जेवायला घाला, बोलू नका."

मनाईची ओळ मी काढली. आधी वहिनींनी ती दोनदा वाचून घेतली, दुसरी कुठली जात नाही ना म्हणून. मग आतल्या सगळ्या फोल्डरांना ते लागू केलं आणि पट्टी सरकायची वाट बघत बसलो. फार हळू सरकली. मावशींनी डिंकाचा लाडू हातात दिला, खातोय की नाही तेही बघितलं. बाळ झोपलं. मी घोंगडीवर बसल्या बसल्या पेंगलो असणार, कारण मावशींच्या आवाजानं दचकलो.

"ही नवरी कुणाची गं? नाकीडोळी छान हाय."

टीव्हीभर फौजीची बायको उभी होती, मुंडावळ्या बांधून, खाली बघत. माझ्या हाताखालून फोल्डर कधी उघडला मला कळलंच नाही. वहिनींनी मान वळवून बघितलं. मावशींनी या वेळी काही म्हटलं नाही.

फोटो तिथंच पेनड्राइव्हवर घेतले. निघायच्या आधी वहिनींनी मला आणखी एक करायला लावलं. माझ्या नावाचं वेगळं लॉगिन तयार करायला लावलं आणि फोटोंच्या फोल्डरवर त्या नावाला पूर्ण परवानगी द्यायला लावली. मी म्हटलं, दादा काय म्हणतील? "मी सांगते त्यांना," म्हणाल्या. "रोज तूच बसतोस त्याच्यासमोर. चोरासारखं दुसऱ्याच्या नावानं कशाला बसायचं?"

परत आलो तेव्हा फौजी दुकानाच्या पायरीवर बसून होता, पिशवी भरून, बूट घालून. त्याची बायको शेजारी. मी मोबाईलमध्ये फोटो भरले, दादांनी चार निवडून कागदावर काढले. एक त्या दोघांचा, बाकीचे घरच्यांचे. फौजीनं ते शर्टाच्या आत ठेवले, पेटीत नाही. तिनं एवढंच विचारलं, "मला बी मोबाईलवर द्याल का?" तिलाही दिले.

दादांनी त्या दिवशी मला खानावळीत नेलं. जेवताना म्हणाले, "तू दाबलंस म्हणून म्हणलो. सोड गड्या." मी सोडलं. इतका दमलो होतो की धरून ठेवायला अंगात काही नव्हतं.

अजून तिथंच आहे मी. पाटी आली की अजून घाबरतो, फक्त आता आधी वाचतो, मग घाबरतो. वहिनी उंब्रजला परत आल्या, मुलगी दुकानभर रांगून आता पळायला लागली आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की वहिनी कधीतरी म्हणतात, वरच्या खोलीत पोरींसाठी कॉम्प्युटरचा क्लास काढायचाय. मग मुलगी काहीतरी ओढते, गिऱ्हाईक येतं, दादा हाक मारतात, आणि ते बोलणं तिथंच राहतं.

तर वहिनी, तोंडावर म्हणायला मला जमत नाही, म्हणून इथं लिहितो. ज्या दिवशी तुम्ही तो क्लास काढाल, त्या दिवसापासून खालचं दुकान, मशीन, गिऱ्हाईक आणि तुमची लेक, सगळं मी बघीन. तुम्ही जिना चढून वर जायचं. मध्येच कुणी हाक मारली तरी मी उठीन, तुम्हाला उठू देणार नाही.