कालव्याकाठचं ऊन

ओमानमधल्या सोहार शहराबाहेर खजुरांना पाणी नेणाऱ्या पाटाशी उभा आहे. ओल्या शेवाळाचा वास आला आणि इंग्लंडमधला कालवा आठवला. कंपनीने ट्रेनिंगला पाठवलं होतं, बायको सुलभाही सोबत होती. त्या दिवशी काठच्या पायवाटेवर लख्ख ऊन पडलं होतं. तिथले लोक उन्हात पाय पसरून बसले होते आणि मी मात्र ओमानच्या सवयीने झाडांच्या सावलीतूनच चालत होतो.

"अहो, इकडे या ना," सुलभा म्हणाली, "इथलं ऊन भाजत नाही."

"तू हो पुढे."

ती एकटीच उन्हातून चालत राहिली.

सुलभा जाऊन आता तीन वर्षं झाली. दुपारचे दोन वाजलेत. सावली चार पावलांवर आहे. मी उन्हातच उभा आहे.