बसवाली ओमा

केंटकीच्या डोंगरांत, ब्रशी फोर्क नावाच्या ओढ्याकाठी ओमा स्टिडम एकोणीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवत होती. बाई अंगाने दणकट, आवाज खणखणीत. बसमध्ये कुणी दंगा केला तर ती मान वळवायची नाही. आरशात नुसते डोळे वर करायची, की मागचं बाक चिडीचूप. खोऱ्यातल्या निम्म्याअधिक माणसांनी लहानपणी ते डोळे पाहिलेले होते.

ओढ्यावरचा लाकडी पूल कुजला होता. रोज सकाळी ओमा अलीकडे बस थांबवायची. "उतरा रे सगळे! जोडीने चालायचं, धक्काबुक्की नको." मुलं पायी पलीकडे गेली की ती एकटी रिकामी बस घेऊन यायची. फळ्या करकरायच्या, ती स्टिअरिंग घट्ट आवळून धरायची. पण पलीकडून मुलं टक लावून बघत असायची, म्हणून ती चेहऱ्यावर काही दिसू द्यायची नाही.

एकोणसत्तरच्या हिवाळ्यात मागच्या चाकाखाली फळी मोडली. बस कलंडता कलंडता राहिली. ओमाने ती कशीबशी बाहेर काढली, मुलांना शाळेत सोडलं आणि चिखलाच्या बुटांनीच कचेरीत गेली. रस्ते-पूल सांभाळणारा काउंटीचा प्रमुख रॉस्को क्रीच सोळा वर्षं त्याच खुर्चीत होता.

"रॉस्को, पूल कधी बांधतोयस?"

"बांधू गं. निवडणूक झाली की पहिलं काम तेच."

"मागच्या खेपेलाही हेच म्हणालास. त्याच्या मागच्याही."

क्रीच खुर्चीत रेलला. "ओमा, तू तुझं स्टिअरिंग सांभाळ. काउंटी मी सांभाळतो."

खोलीतले दोघंतिघं खिदळले. ओमाचे कान तापले. ती जिना उतरली आणि खालच्या कारकुनाकडे त्याच खुर्चीसाठी उमेदवारीचा अर्ज मागितला.

घरी नवरा क्लेल चुलीशी बसला होता. कोळशाच्या खाणीत बावीस वर्षं घालवून तो छातीभर खोकला घेऊन परतला होता.

"तुला गं कोण मत देणार?"

"माझ्या बसमध्ये बसलेलं प्रत्येक पोर."

"अगं, पोरांना मत कुठे असतं?"

"पहिल्या वर्षीच्या पोरांना आता टक्कल पडायला लागलंय, क्लेल."

क्लेल खोकत खोकत हसला. "मग माझंही एक धर."

प्रचाराची शेवटची सभा रविवारच्या प्रार्थनेनंतर, ओढ्याकाठच्या चर्चच्या मैदानात होती. बायकांनी घेवड्याचं कालवण, मक्याचा पाव, तळलेली कोंबडी मांडली होती. क्रीचने पोटभर खाल्लं आणि बाकावर चढून भाषण ठोकलं. "पूल भक्कम आहे, मंडळी! काही बायकांना उगाच धडकी भरते."

ओमा हातातली ताटली खाली ठेवून उठली. "मग चल की. चर्चची बस इथेच उभी आहे. मी चालवते, तू पुढच्या बाकावर बस."

दोनशे माणसं बघत होती. क्रीचला नाही म्हणवेना. तो चढला. बस पुलाशी आली, पुढचं चाक पहिल्या फळीवर चढलं, आणि खालून लांबलचक करकर उठली.

"थांब! थांब म्हणतो ना!"

"का रे? भक्कम आहे ना?"

"मी... जरा पाय मोकळे करतो."

तो उतरला आणि टोपी हातात घेऊन पूल पायी ओलांडू लागला. तेवढ्यात मैदानातून कुणीतरी ओरडलं, "जोडीने चाल रे, रॉस्को! धक्काबुक्की नको!" सगळं मैदान हसून लोटपोट झालं. ओमाने रिकामी बस पलीकडे नेली, वळवून परत आणली आणि राहिलेली कोंबडी संपवली.

सहाशे चाळीस मतांनी ती निवडून आली. पुढच्या उन्हाळ्यात ओढ्यावर काँक्रीटचा पूल उभा राहिला. मग लोकांनीच तिला राज्याच्या विधानसभेत, केंटकीच्या राजधानीला, फ्रँकफर्टला धाडलं. तिथे ती तितराची पिसं खोचलेली हॅट घालून जायची. शहरी वकील हसायचे. ते हसले की ती दुसऱ्या दिवशी आणखी एक पीस खोचायची.

खाणकामगारांच्या छातीसाठी खोऱ्यात दवाखाना काढायचं विधेयक तिने आणलं, तेव्हा खाणमालकांचे वकील तासभर आकडे वाचत राहिले. शेवटी ओमाने क्लेलला समितीपुढे बसवलं. तो बोलायला उठला. खोकल्याची अशी उबळ आली की त्याला टेबल धरावं लागलं. कुणाला कुठे बघावं कळेना. ओमाने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"यांचं भाषण झालं," ती म्हणाली. "आता मतं द्या."

एकही हात विरोधात वर गेला नाही. घरी येताना क्लेल म्हणाला, "आयुष्यातलं पहिलं भाषण, आणि एकमताने मंजूर!"

चौथ्या निवडणुकीत तिच्याविरुद्ध कुणी अर्जच भरला नाही. ओमा भडकली. "भांडायला समोर माणूस नसेल तर ती कसली निवडणूक?" तरीही हॅट चढवून ती दरीदरीतून, घराघरांतून फिरली. प्रत्येक ओसरीवर बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकली, सफरचंदाचा थरांचा केक खाल्ला. महिन्याभरात तिच्या सगळ्या झग्यांच्या शिवणी उसवाव्या लागल्या.

मोजणीच्या संध्याकाळी कारकुनाने आकडा सांगितला. एकोणतीस जणांनी तिच्या नावापुढची चौकट कोरी सोडली होती. बाकी सगळी काउंटी तिची. बाहेर फिडल वाजू लागली होती, माणसं तिचं नाव घेऊन पाय आपटत होती. ओमा पायरीवर आली, हॅट काढून तिने सगळ्यांना लवून नमस्कार केला आणि क्लेलला विचारलं, "हे एकोणतीस जण कोण असतील रे? कुणाचा तरी केक खायचा राहिला बघ!"