तलाठीबाबांची काठी

आजवर कुणालाच सांगितलं नाही, ते आधी सांगून टाकतो. माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात तलावाच्या पाणीपातळीचे तक्ते आहेत. प्रत्येक तक्त्यावर ‘यंत्राने घेतलेली नोंद’ असं छापलंय. पहिल्या पावसाळ्यापुरतं ते खरं आहे. पुढच्या दोन पावसाळ्यांचे आकडे यंत्राने घेतलेले नाहीत. ते आसगावच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या मासेमारी करणाऱ्या म्हाताऱ्या ढिवराने बांबूच्या काठीने मोजले आणि फोनवर मला सांगितले. त्याच प्रबंधावर मी डॉक्टर झालो. आता एका कॉलेजात विभागप्रमुख आहे.

गाव त्यांना तलाठीबाबा म्हणायचं. सरकारी तलाठी जमिनीची नोंद ठेवतो, हे पाण्याची. माशांची पिल्लं, बोटुकली, तलावात कधी सोडायची, मासे राखायला सांडव्यावर बांबूच्या ताट्या कधी लावायच्या, हे मच्छीमार सोसायटी त्यांनाच विचारायची. “बाबा, पानी काय म्हनते?” असा सवाल यायचा आणि बाबा पारीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून उतरून, पायजमा मांडीपर्यंत खोवून, रोजच्या दगडापाशी काठी उभी करायचे.

त्या काठीवर खाचा होत्या, आकडे नव्हते. प्रत्येक खाचेला नाव होतं. एक बहिणीच्या लग्नाची, एक मुलगा विलास जन्मला त्या सालची, सगळ्यात वरची पार फुटली तेव्हाची. पहिल्याच दिवशी मी विचारलं, “बाबा, आज पाणी किती?”

“बहिनीच्या लग्नाच्या दोन बोटं खाली.”

“सेंटिमीटरमध्ये सांगा ना.”

“सेंटिमीटर माह्या बहिनीच्या लग्नात नोता आला, मास्तर.”

पारीवर बसलेली माणसं खदखदून हसली. मीही हसलो. मग वहीच्या शेवटच्या पानावर मी एक कोष्टक केलं: बहिणीचं लग्न म्हणजे इतके सेंटिमीटर, विलास म्हणजे इतके, एक बोट म्हणजे इतके. ती वही माझ्या गाईडनेही कधी पाहिली नाही.

आमचं यंत्र म्हणजे लोखंडी खांबावर बसवलेली एक पेटी होती. पाण्यावर आवाजाच्या लहरी सोडून पातळी मोजायची आणि सिमकार्डातून विद्यापीठात पाठवायची. पहिल्या पावसाळ्यात बाबांनी रोज सकाळी फोन करावा, असं मीच ठरवलं होतं, यंत्र बरोबर मोजतंय का ते पडताळायला. आकडे चांगले जुळले. दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावरच पेटीत गांधीलमाश्यांनी घर केलं, खारीने वायर कुरतडली आणि पेटी मेली. दुरुस्तीची फाइल विद्यापीठात फिरत राहिली. गाईडचा मात्र एकच प्रश्न, “डेटा कुठाय?” सकाळी सहाला फोन वाजायचाच. “मास्तर, लिवा.” मी लिहीत गेलो. यंत्राच्या रकान्यात लिहीत गेलो. दोन दिवसांपुरतं, असं स्वतःला सांगितलं होतं.

तिसऱ्या पावसाळ्यात गाईड म्हणाले, संशोधनाचा गावाला उपयोग दिसला पाहिजे. म्हणून मी रोज सकाळी सातला सोसायटीच्या माणसांना आपोआप मेसेज जाईल अशी सोय केली. पाणी सांडव्याच्या किती खाली आहे आणि आज धोका आहे की नाही. बाबा सहाला पातळी सांगायचे. मी ती संगणकात भरायचो. सातला तीच पातळी, थोडं गणित लावून, त्यांच्या मोबाइलवर परत जायची. विलासकडून ती वाचून घेऊन ते मला पुन्हा फोन करायचे.

“मास्तर, मशीन लय हुशार हाये. एका बोटाचाबी फरक नाई!”

“हो ना, बाबा.”

“मी पन्नास साल पान्यात काढले. थे तं कालचं पोर हाये. तरी पाहा!”

त्यांना कौतुक वाटायचं. आपल्या हाताखाली तयार झालेल्या कारागिराचं वाटावं तसं. रोज सकाळी मी ते कौतुक ऐकून घेत होतो. खरं सांगायला एक मिनिट लागलं असतं. प्रबंध तोंडावर आला होता. पुढे पुढे ते लोकांना म्हणू लागले, “मले काहून इचारता? मशीनले इचारा. माहे डोये आता म्हातारे झाले.”

पोळा उलटला आणि झड लागली. त्याच वेळी बाबांना ताप आला. तीन दिवस ते तलावावर गेले नाहीत, फोनही नाही. मी प्रबंधाआधीच्या सादरीकरणात गुंतलो होतो. फोन आला नाही हे माझ्या ध्यानात आलं होतं, हेही आज कबूल करतो. नवा आकडा मिळाला नाही तर मागचाच आकडा धरून मेसेज पाठवायचा, ही ओळ त्या प्रोग्राममध्ये माझ्याच हाताने लिहिलेली होती.

पुढचं मला विलासने सांगितलं. चौथ्या दिवशी पहाटे बाबांनी खाटेवरूनच कौलांवरचा पाऊस ऐकला आणि म्हणाले, “ताट्या लावा रे, आज पानी सांडव्यावरून जाते.” पोरं ताट्या उचलायला निघालीही. तेवढ्यात सात वाजले. मेसेज आला: पाणी सांडव्याखाली दोन हात, धोका नाही. बाबांनी तो दोनदा वाचून घेतला. मग म्हणाले, “थांबा. मशीन नाई म्हनते. माह्या डोक्यात ताप हाये.”

दुपारपर्यंत सांडवा धो धो वाहत होता. वर्षभर वाढवलेले रोहू, कतला खालच्या शेतांच्या बांध्यांमध्ये, उभ्या धानात उड्या मारत होते. खालच्या वस्तीने लुगड्यांनी, टोपल्यांनी मासे धरले. सोसायटीचा तलाव रिकामा झाला.

मी तिसऱ्या दिवशी गेलो. सोसायटीची माणसं ओसरीवर बसली होती. एक जण म्हणाला, “तलाठ्यानंच सातबारा बुडवला आमचा.” कुणी हसलं नाही. विलासने मला सरळ विचारलं, “सर, तुमची मशीन काहून चुकली?”

मी तोंड उघडायच्या आत बाबाच बोलले. “मशीन नाई चुकली रे. तीन दिस मी फोन नाई केला. पडताळनी झाली नाई, त मशीन काय करन बिचारी?” मग माझ्याकडे वळून, “मास्तर, माह्यामुळं तुमचं काम अडलं असन. माफी करा.”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “होतं असं कधी कधी, बाबा.” आणि पुढे केलेला चहा घेतला.

निघताना त्यांनी काठी माझ्या हातात दिली. “आता मले काई समजत नाई. तुमच्या कॉलेजात ठेवा.” त्यानंतर ते पाण्यात उतरले नाहीत. सोसायटीनेही त्यांना पुन्हा कधी विचारलं नाही. माझ्या प्रबंधाच्या आभाराच्या पानावर शेवटून दुसरी ओळ आहे: ‘सहकार्याबद्दल ग्रामस्थांचे आभार.’

काठी माझ्या केबिनमध्ये कपाटामागे उभी आहे. विद्यार्थी विचारतात. मी म्हणतो, जुनी वस्तू आहे.

यंदा उन्हाळ्यात बाबा गेले. विलासचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाला, “सर, शेवटपर्यंत त्याईले थेच लागून रायलं होतं. म्हनत, मशीन बराबर होती, मीच चुकलो.” मी हूं म्हणालो. तेवढंच म्हणालो.

मला अजून त्या गावात जायचं आहे. सोसायटीच्या माणसांसमोर, विलाससमोर उभं राहून सांगायचं आहे की मशीन वर्षभर आधीच बंद पडली होती, तो मेसेज बाबांच्याच चार दिवसांपूर्वीच्या मापाचा होता आणि त्या पहाटे खाटेवरून ते जे म्हणाले तेच बरोबर होतं. हे त्यांना जिवंतपणी ऐकवायचं होतं. ते राहिलं. गावाला सांगणं अजून बाकी आहे.