वाळूच्या माणसाचा सदरा

"उसव वं," असं म्हणून बाई कापड गुडघ्यावर ओढून घेत, शिवणीच्या दोन्ही बाजूंना अंगठे रोवत आणि ताणून बघत. शिवण आमची असो की त्यांची स्वतःची, मनाला पटली नाही की हेच दोन शब्द. त्यात राग नसायचा. भाजीत मीठ कमी आहे असं शेजारणीने सांगावं, तसं ते असायचं.

हिंगण्याच्या एका खासगी कारखान्यात आम्ही दहा-बारा बायका पॅराशूट शिवायचो. बाई आमच्या प्रमुख. उमरेडच्या विणकर घरातल्या. नवरा गेल्यावर सक्करदऱ्याला एका खोलीत एकट्या राहत. मूलबाळ नव्हतं. कंपनीच्या बसमध्ये त्या खिडकीजवळ कधी बसत नसत. "वाऱ्यानं डोळ्याले पाणी येते," म्हणायच्या, "मंग लोकं इचारतात, काहून रडून राहिली?"

त्या वर्षी आपला एक माणूस परदेशी यानातून अवकाशात जाऊन आला. पाठोपाठ आमच्या कारखान्याला नवं काम मिळालं. वरून परत येणारा डबा अलगद उतरवण्यासाठी पॅराशूट हवं होतं. ते समजावून सांगायला बाहेरगावचे एक साहेब आले. "पुढेमागे आपल्याच यानातून माणूस जाईल," ते म्हणाले, "आणि अशाच पॅराशूटने खाली येईल."

"कोणाचा पोरगा आहे?" बाईंनी विचारलं.

साहेब हसले. "अजून कोणी ठरलेला नाही, बाई."

"ठरला नसन. पण कोणाचा तं असनच."

तेव्हापासून त्यांनी आम्हाला जास्तच उसवायला लावलं. आम्ही कुरकुरायचो, पण उसवायचो. तुम्हीही अशा एखाद्या बाईच्या हाताखाली काम केलं असेल, तर तुम्हाला कळेल.

चाचणीसाठी माणसाएवढा पुतळाही आम्हीच शिवला आणि त्यात वाळू भरली. त्याचा सदरा बाईंनी शिवला, आणि कोणी न सांगता त्याला खिसे लावले.

"वाळूच्या माणसाला खिसे कशाला?" मालकांनी विचारलं.

"मंग हात कोठी ठेवन तो?" बाई म्हणाल्या. मालक हसत निघून गेले. खिसे राहिले.

चाचणीच्या दिवशी मालकांनी आम्हाला गावाबाहेरच्या माळावर नेलं. लोखंडी खुर्चीला बांधलेला पुतळा विमानातून सुटला. पॅराशूट उघडलं. आम्ही टाळ्या वाजवल्या, तेवढ्यात एका बाजूची पट्टी तुटली. कापड गुंडाळत गेलं आणि पुतळा धाडकन खाली आला.

आम्ही जवळ पोचलो तेव्हा सदरा फाटला होता. बाई खाली बसल्या आणि सांडलेली वाळू ओंजळीने त्याच्या पोटात भरू लागल्या.

"राहू द्या बाई, वाळूच आहे," मालक म्हणाले.

त्यांना ते ऐकूच गेलं नाही. शेवटी मी दंडाला धरून उठवलं.

नंतर त्या कामावर येत, मशीनसमोर बसत, पण पायडलवरचा पाय हलत नसे. चौकशीत कळलं की दोष शिवणीचा नव्हताच. दुसरीकडून आलेल्या एका लोखंडी कडीची धार घासून बोथट केलेली नव्हती. तिनेच पट्टी कापली होती. हे सांगायला मालक स्वतः आमच्या खोलीत आले. "बाई, तुमचा एक टाकासुद्धा सुटलेला नाही."

बाईंनी मान वर केली. "त्या सदऱ्यात कोणी असता, तं त्याच्या मायले तुम्ही ते कडी दाखवली असती का?"

त्या शनिवारी बाईंनी काम सोडलं.

मी अधूनमधून त्यांच्याकडे जायची. त्या चहा करत, माझ्या घरचं विचारत. कारखान्याचा विषय निघाला की उठून उगाच भांडी लावत. अंगाने बऱ्याच वाळल्या होत्या. "बाई, परत या ना," मी एकदा म्हटलं. "हात नाही मानत वं," एवढंच म्हणाल्या.

कडी बदलून दुसरी चाचणी झाली, ती नीट पार पडली. त्या संध्याकाळी बसमधून उतरून मी घरी न जाता तडक सक्करदऱ्याला गेले. बाईंच्या खोलीला कुलूप होतं. शेजारची बाई दारात तांदूळ निवडत बसली होती. मी तिला ओळखत नव्हते.

"त्याईले उमरेडले नेलं होतं भावानं," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात तेथीच वारल्या."

मी तिथेच पायरीवर बसले आणि त्या अनोळखी बाईलाच सगळं सांगत सुटले: पॅराशूट कसं उघडलं, कसं डुलत डुलत खाली आलं, पुतळ्याला कुठे खरचटलंसुद्धा नाही. तिला त्यातलं काही कळलं नसावं. तरी तिने सूप बाजूला ठेवलं आणि मी थांबेपर्यंत ती ऐकत राहिली.