एकट्याचा नकार

मीना नदीवरच्या आमच्या बंधाऱ्याचं पाणी पाच गावं पीत. वरची दोन जुन्नरकडची, खालची तीन आंबेगावकडची. पाचांतलं चौथं माझं आणि अगदी शेवटचं, निरगुडसरच्या अंगाचं, माझ्या धाकट्या बहिणीचं सासर. बंधाऱ्याचा निर्णय पाची गावांनी मिळून करायचा अशी रीत. ऐकायला किती गोड! खरं तर बोलणं पाचांचं आणि अडकित्ता एकाचा. सगळं ठरलं की सर्वांत वरच्या गावचा पाटील सुपारी फोडून पाचांना खांडं वाटायचा. त्याने ती न फोडता चंचीत टाकली की बैठक मोडली. कारण विचारायचं नाही. त्याच्या पणज्याने बंधाऱ्याचा पहिला दगड ठेवला होता म्हणे. बाकीचे दगड कुणाच्या पाठीवरून आले, ते कुणी सांगत नसे.

जर्मनच्या लढाईतून मी परत आलो ते साल वाईट होतं. मी तिकडे बसरा-बगदादकडे, मेसपोटात होतो. तिथं नदी समोर दिसायची आणि तिच्यापर्यंत पोचायला माणसं मारावी लागायची. एकदा खंदकात एक तुर्क माझ्या संगिनीवर असा अडकला, की त्याच्या छातीवर पाय देऊन ती उपसावी लागली. वयाने माझ्याएवढाच असेल. त्याने माझं काय घोडं मारलं होतं? लढाई करायची की नाही हे त्याच्या गावाला कुणी विचारलं नव्हतं, माझ्या गावालाही नाही. कुणीतरी कुठेतरी ठरवलं आणि आम्ही दोघं झुंजीच्या कोंबड्यांसारखे एकमेकांवर सोडले गेलो.

घरी आलो तर पावसाने दगा दिलेला, आणि त्याआधीच्या तापाने घरटी माणूस नेलेलं. वरच्या गावाने आपला ऊस जगवायला बंधाऱ्याची खाली पाणी सोडायची मोरी दगडमातीने बुजवून टाकली होती. बहिणीच्या गावात बायका नदीच्या वाळूत झिरे खणून वाटीवाटीने पाणी भरत. ते गढूळ पाणी पिऊन बहिणीची लहानगी हगवणीने गेली. मी पोचलो तेव्हा तिला पुरून झालं होतं.

बैठक बंधाऱ्यावरच्या करंजाखाली बसली. आमच्या गावचे पाटील थकलेले, म्हणून गावाने मला धाडलं होतं. चार गावं एका तोंडाने म्हणाली, मोरी उघडा, निदान पिण्यापुरतं तरी सोडा. वरच्या पाटलाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सुपारी दोन बोटांत फिरवली, चंचीत टाकली आणि चंचीची दोरी ओढली.

"उठा आता," तो म्हणाला.

बहिणीच्या गावाकडून आलेले माझे मेहुणे म्हणजे गरीब गाय. आयुष्यात कुणाला अरे म्हटलं नसेल. ते उठले आणि त्यांनी पाटलाचं मनगट धरलं.

"पाटील, माजी पोर गेली. ती सुपारी भायेर काढा."

पाटलाच्या पुतण्याच्या हातात मोरीची पहार होती. त्याने ती मेहुण्यांच्या डोक्यात घातली. नारळ फुटतो तसा आवाज झाला आणि ते पाटलाच्या मांडीवरच कोसळले. त्यांच्या हातातलं मनगट मात्र सुटलं नव्हतं. पाटील ते सोडवायला धडपडत होता.

सरकारचं मीठ खाऊन मी जे शिकलो होतो, ते सगळं त्या दुपारी करंजाखाली कामी आलं. एकाचा जबडा माझ्या काठीने निखळला. एकाच्या बरगड्या माझ्या बुटाच्या टाचेखाली मोडल्या, ते माझ्या पायाला कळलं. पुतण्याचा हात मी कोपरात उलटा पिळला आणि हाड वाजलं तरी सोडला नाही. कुऱ्हाडी निघाल्या, धोंडे उडाले. आमच्यातल्या एकाचा कान तुटून मातीत पडला आणि तो मोठ्याने हसत होता. काही जण मोरीकडे धावले. मोरी उघडेना, तेव्हा त्यांनी बंधाऱ्याचेच दगड उपसायला घेतले. अखेर बंधारा फुटला. साठवलेलं सगळं पाणी एका दमात सुटलं आणि चिखल, झाडोरा, एक मेलेलं वासरू घेऊन पाची गावांच्या समोरून निघून गेलं. प्यायला कुणालाच मिळालं नाही.

पुतण्याला सक्तमजुरी झाली. पाटलाला काहीच झालं नाही. त्याने फक्त सुपारी फोडली नव्हती, आणि सुपारी न फोडणं हा काही गुन्हा नाही.

त्यानंतर एका रविवारी मी जुन्नरच्या बाजाराला गेलो. तिथल्या कागदी मोहल्ल्यात माझा एक दोस्त होता. लढाईत तो खेचरं हाकायचा, आता बापजाद्यांसारखा लगद्याच्या हौदावर बसून हातकागद काढत होता. वाचायचा नाद दांडगा. बाजारात आलेलं वर्तमानपत्र त्याच्या हातून गेल्याशिवाय पुढे जात नसे.

"ऐक राव," तो म्हणाला, "समद्या देशांनी मिळून पंचायत काढलीया. परत आसली लढाई व्हायची न्हाई म्हनं."

"तितं चालनार कुनाची?"

"बड्यांच्या खुर्च्या कायमच्या. बारक्यांनी आळीपाळीनं बसायचं. आन मोठा निकाल लावायचा तर खुर्चीवर बसलेल्या समद्यांचं व्हय पायजे. एकानं न्हाई म्हटलं की बैठक उठली."

"आन आपला देश?"

"नाव हाय की पंचायतीत. पर तितं बसायचा मानूस साहेबच निवडून धाडतो."

आधी मला हसू आलं. मग असा संताप आला, की मी हौदाच्या काठावर मूठ आपटली. कडेला ठेवलेले ओले कागद पाण्यात घसरले आणि दोस्ताने माझा पार उद्धार केला. बसऱ्यापासून बगदादपर्यंत आमची माणसं कुजली, ती काय असल्या खुर्च्यांसाठी? जिंकलेल्यांनी पहिला दगड ठेवला, म्हणून अडकित्ता कायमचा त्यांचा? आमच्या बंधाऱ्यावर हेच चाललं होतं आणि त्यात माझी भाची गेली, मेहुणे गेले.

"समद्यांना सारखं न्हाई म्हनायचा हक दिला पायजे," मी म्हणालो.

"मग तुजी मोरी कवाच उघडायची न्हाई. पाचांत एक तरी आडमुठा असतुयाच."

"मग कुनालाच नगं."

"मग चौगं मिळून एकाला बुडिवत्याल. तुज्या भैनीचं गाव पयलं बुडंल, बग."

त्याचं खरं होतं. तो पाण्यातून एक एक कागद उचलून शिव्या देत राहिला. मीही एक ओला कागद उचलून त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, "एकट्याचं न्हाई म्हंजी हट्ट. दोगांचं न्हाई म्हंजी कायतरी अडचन आसंल. दोन गावांनी न्हाई म्हटलं तरच काम आडावं. मग ती दोन गावं कोनची बी आसूंद्यात."

"हे त्या जगाच्या पंचायतीला कळीव."

"तू कळीव. कागद तुज्याकडं लई हाय."

जगाला कळवणं जमलं नाही, पण गावांना पटवलं. फुटक्या बंधाऱ्यावर वरच्यांचाही ऊस वाळला होता आणि तेवढे दगड एकट्या गावाला उचलत नव्हते. आम्ही अट घातली: सुपारी पाची गावांनी पाळीपाळीने फोडायची, आणि अडवायचं तर दोन गावांनी मिळून अडवायचं. पाटलाने दात खात मान हलवली. बंधारा उभा राहिला, पाणी खालपर्यंत आलं. मी मिशांवर ताव देत हिंडत होतो.

पुढच्या उन्हाळ्यात वरच्या गावच्या कडब्याच्या गंजी पेटल्या. कुणी पेटवल्या ते मला ठाऊक नाही आणि मी विचारलंही नाही. आता त्यांची गुरं जगवायची तर बहिणीच्या गावापलीकडचं राखीव कुरण उघडायला हवं होतं, आणि ते पाची गावांचं. पाटील पागोटं मांडीवर ठेवून करंजाखाली बसला. बहिणीच्या गावाने तोंड उघडल्या उघडल्या नाही म्हटलं. वरची दोन्ही गावं होय म्हणाली, तिसऱ्यानेही होय म्हटलं. राहिलो मी.

बहीण येऊन उभी होती. बैठकीत बायका येत नसत, पण तिला हटकायची कुणाची छाती झाली नाही. तिचा नवरा तिथंच पडला होता.

"दादा, तुजं न्हाई दे. त्यांची गुरं माज्या दारावरनं जाऊ देऊ नगंस."

‘नाही’ माझ्या ओठांवर आलं होतं. ती गुरं वैशाखात तडफडून मेलेली मला बघायची होती, पाटलाच्या दारात फुगून पडलेली. पण माझ्या गावाला अडचण काय होती? काहीच नाही. गवत पुरून उरणार होतं. ते नुसतं रागाचं ‘नाही’ झालं असतं, आणि असल्याच एका ‘नाही’ने तिचं कुंकू पुसलं होतं. समुद्रापलीकडे मोठमोठी राष्ट्रं असलंच ‘नाही’ कनवटीला लावून बसली आहेत आणि त्यापायी कुठल्या कुठल्या गावांतली पोरं मरतात. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आज बहिणीसाठी मी राग काढला, तर उद्या कुणीही दोघं काढतील.

"आमच्या गावाचं व्हय," मी म्हणालो.

ती जायला वळली.

"पाच गावांचा झालास, दादा. माजा न्हाई झालास."

त्या दुपारी वरच्या गावची गुरं तिच्या दारावरून खाली उतरली. ती घराचं दार लावून आत बसली होती.

मी केलं ते बरोबर होतं, असं आजही म्हणतो. तीही चूक नव्हती. त्या दिवाळीत भाऊबीजेला तिच्याकडे गेलो. तिने पाट मांडला नाही, तांब्याभर पाणी पुढे केलं. मी अजून दर भाऊबीजेला जातो. पाणी पितो आणि संध्याकाळच्या आत घरी येतो.